परसातला सरडा मारण्याआधी

मृग जवळ आला की राणीसावरगावात परसदारची कामं निघतात. कडब्याची गंजी झाकायची, न्हाणीमागच्या पळाट्या कोरड्या जागी न्यायच्या, सरपण पत्र्याखाली लावायचं, शेवग्याचं आळं मोकळं करायचं. याच दिवसांत हाताखालून काहीतरी सळसळत निघून जातं. कोणीतरी ओरडतं, काठी येते आणि क्षणात एक चकचकीत तपकिरी जीव मरून पडतो. बहुतेक वेळा ती सापसुरळी असते, काही ठिकाणी जिला सापाची मावशी म्हणतात ती. काठी उचलण्याआधी नेमकं काय पाहायचं आणि पाहून झाल्यावर काय करायचं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

पहिली गोष्ट निःशंक सांगता येते. भारतात आढळणाऱ्या एकाही पालीच्या, सरड्याच्या किंवा सापसुरळीच्या चाव्यानं माणसाला विषबाधा होत नाही. चावा खरोखर विषारी असलेले हिला मॉन्स्टर आणि मणीदार सरडा हे अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या आणि मेक्सिकोकडच्या कोरड्या प्रदेशातले. आपल्या गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या या डोंगराळ पट्ट्यात, धोका असतो तो सापांचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप मराठवाड्यात आहेत आणि त्यांना आवडणारा अडोसा तोच, जो सापसुरळीला आवडतो. म्हणून ओळख दोन्ही बाजूंनी पक्की हवी. सापसुरळीला साप समजून मारणं वाईट, आणि सापाला सापसुरळी समजून हात घालणं त्याहून वाईट.

सापसुरळी की साप?

सापसुरळीला चार पाय असतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती पळते तेव्हा पाय दिसत नाहीत, नुसतं चकाकणारं अंग वळवळताना दिसतं. म्हणून तिच्यामागे धावू नका, दोन पावलं मागे सरा आणि थांबा. तीही थोड्या अंतरावर थांबते. डोकं किंचित वर उचलते आणि मग पुढचे आखूड पाय दिसतात. आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. सापसुरळी पापणी मिटते, साप कधीच मिटत नाही, कारण सापाला हलणारी पापणीच नसते. आणि सापसुरळीच्या डोळ्यामागे, जबड्याच्या शेवटाशी, कानाचं बारीक भोक असतं. सापाला ते नसतं.

आपल्याकडे सर्रास दिसणारी मोठी सापसुरळी पाठीवर कांशासारखी तपकिरी असते आणि विणीच्या दिवसांत नराच्या कुशीवर शेंदरी-तांबडी झाक चढते. ती झाक म्हणजे विष नव्हे. फसवणारी असते ती दुसरी, बारीक अंगाची. तिचे पाय इतके चिमुकले असतात की ती चालताना सापासारखीच लहरत जाते, आणि तिच्या पिल्लांची शेपटी लालभडक असते. ती पालापाचोळ्यात, कुंडीखाली, ओलसर मातीत राहते. ते लाल शेपटीचं पिल्लू पाहून घाबरून जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ते तुमच्या बागेतल्या वाळव्या आणि किडे खाऊन जगत असतं.

सापसुरळीनं चाटलं तर माणूस दगावतो, ही समजूत अजून ऐकू येते. तिच्यात तथ्य नाही. जीभ बाहेर काढून ती हवेतला वास घेत असते.

आता ज्यावर तडजोड नाही, ते सांगतो. पाय दिसले नाहीत, अंधार होता, किंवा नुसती शेपटी गवतात जाताना पाहिली, तर तो साप आहे असं धरून चाला. आणि सरपणात हात घातल्यावर काही चावलं पण काय ते दिसलं नाही, तर ‘सापसुरळीच असेल’ म्हणून घरी बसू नका. मण्यारीच्या चाव्याला अनेकदा वेदना नसतात, सूज नसते, दातांच्या खुणासुद्धा नीट दिसत नाहीत. काही वेळानं पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि पुढे श्वास अडतो. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा, आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठा. सर्पदंशावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. निघण्याआधी ती तिथं शिल्लक आहे का हे फोनवर विचारता आलं तर फार वेळ वाचतो.

भिंतीवरची पाल

पाल म्हटली की एकच प्राणी डोळ्यांसमोर येतो, पण एका घराच्या परिसरात तीन-चार जातींच्या पाली सहज असतात. रात्री चुकचुकणारी, सडसडीत, फिकट रंगाची घरपाल वेगळी. पोटाकडून पिवळसर दिसणारी, अंगानं थोराड, भिंतीवरच्या दिव्यापाशी दुसऱ्या पालींना हुसकावणारी वेगळी. पाठीवर काळपट ठिपके आणि खरखरीत दाणे असलेली पाल जोत्याच्या दगडांत आणि जमिनीवरही फिरते. आणि कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या खोडावर सालीशी एकरूप होऊन बसलेली खोडपाल तर नजरेला लवकर सापडतच नाही.

खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल बसली असेल तर दिवा लावून आतून जवळ जाऊन पाहा. बोटांखाली आडव्या पट्ट्या दिसतील. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो सूक्ष्म केस असतात आणि त्यांची टोकं काचेच्या इतकी निकट जातात की रेणूरेणूंमधल्या ओढीनंच पाल चिकटून राहते. तिथं ना डिंक असतो, ना चोषक. विणीच्या दिवसांत मादी असेल तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी स्पष्ट दिसतात. घरपाल एका वेळी दोनच अंडी घालते, तीही कडक कवचाची. घड्याळामागे, कपाटाच्या सांदीत, माळवदाच्या खणात सापडणाऱ्या, वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या त्याच. घरपालीला पापण्या नसतात. ती डोळा जिभेनं पुसते. तेही काचेवर पाहायला मिळतं.

पाल अंगावर पडली तर काय, याचं उत्तर अनेक पंचांगांत पल्लीपतनाच्या कोष्टकात असतं, अवयवागणिक वेगळं. ज्यांना मानायचं त्यांनी मानावं. तब्येतीपुरतं उत्तर एवढंच, की ती जागा साबणानं धुवा.

अन्नात पाल पडणं मात्र खरी काळजीची बाब आहे, फक्त कारण वेगळं. पालीच्या अंगात विष नाही. तिच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि त्यांनी उलट्या-जुलाब होतात. म्हणून पाल पडलेलं वरण, दूध, पाणी टाकूनच द्या. ‘काढून टाकली, आता उकळतो’ असं करू नका. कोणी खाल्लंच असेल तर घाबरवू नका. ‘पाल होती’ हे ऐकूनच अनेकांना उलटी होते. उलट्या-जुलाब सुरू झाले तर मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस द्या; लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. शाळेच्या खिचडीच्या बाबतीत हाच नियम, आणि तिथं तो शब्दशः पाळला जावा: स्वयंपाकाची जागा बंद, दिवा चुलीच्या बरोबर वर नको, भांड्यावर झाकण.

घरात पाल नको असेल तर ते म्हणणं रास्त आहे. पण त्यासाठी जे उपाय चालतात त्यांतले बहुतेक निरुपयोगी, काही घातक. अंड्याची टरफलं आणि मोरपीस यांना पाल बिचकत नाही. डांबरगोळ्या लहान मुलं तोंडात घालतात, आणि रक्तात जन्मजात एक विकर कमी असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटू लागतात. चिकट सापळा तर लावूच नका. त्यात पाल दोन-दोन दिवस जिवंत तडफडते, शिवाय चिमण्या आणि सापसुरळ्याही अडकतात. अडकलेला जीव सोडवायचा असेल तर खायचं तेल बोटानं हळूहळू लावत सुटा करा, ओढू नका.

उपाय चालतो तो दिव्याचा. पाल दिव्याकडे येत नाही, दिव्यावरच्या किड्यांकडे येते. दारावरचा पांढरा बल्ब काढून तो दारापासून लांब, परसाच्या भिंतीवर लावा आणि दाराशी पिवळसर उजेडाचा ठेवा. पांढऱ्या-निळसर उजेडापेक्षा पिवळ्यावर किडे कमी येतात. खिडकीला जाळी, चौकटीच्या फटीत सिमेंट, मोरीच्या भोकाला जाळी, आणि रात्री उष्टी भांडी झाकून. एवढ्यावर आठ-पंधरा दिवसांत पाली परसाकडे सरकतात. तिथं त्या डास, पतंग आणि झुरळं खातात, त्यांना तिथं राहू द्यावं.

शेतकऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची पेटी उबदार असते, तिच्यात किडे जातात आणि त्यांच्या मागे पाल. संपर्कबिंदूंमध्ये पाल सापडली की ती मरतेच आणि मोटारही जळू शकते. वायर पेटीत शिरते तिथलं भोक रबरी बुचानं किंवा एम-सीलनं बंद करा, दाराची फट राहू देऊ नका. पण आधी मेन स्विच पाडून, टेस्टरनं तपासून. चालू लाइनीवर पेटीत हात घालून कित्येकांनी जीव गमावला आहे.

पालींची गर्दी असलेल्या घरात कधीकधी कवड्या साप येतो, कारण पाली हेच त्याचं मुख्य अन्न. तो बिनविषारी आहे. पण अंगावर पट्टे असल्यानं मण्यारीसारखा भासतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बारीक, बहुधा जोडीजोडीनं येणारे पांढरे पट्टे मानेनंतर काही अंतरानं सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. ही ओळख लांबून करायची. शंका आली तर ती मण्यारच समजा आणि सर्पमित्राला बोलवा.

कुंपणावरचा सरडा

एप्रिलपासून पुढे कुंपणाच्या खांबावर, बोरीच्या काटक्यांवर लाल डोक्याचा आणि लाल गळ्याचा सरडा दिसू लागतो. तो जोर काढल्यासारखा अंग वर-खाली करतो. पोरांना वाटतं तो चिडवतोय, मोठ्यांना वाटतं तो लांबूनच रक्त पितोय, आणि दगड सुरू होतात. ती लाली रक्ताची नाही. विणीच्या हंगामातला तो नराचा रंग आहे, आणि ते जोर म्हणजे शेजारच्या नराला दिलेली ताकीद आणि मादीला दिलेली हाक. हरला किंवा घाबरला की तोच रंग मिनिटाभरात मावळतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, ते त्याच्यापुरतं खरंच आहे. एकेक नर कुंपणाचा ठरावीक तुकडा राखून असतो, त्यामुळे तुम्हाला रोज दिसणारा बहुधा तोच असतो.

मुलांना दोन गोष्टी जरूर सांगा. पाल आणि सापसुरळी संकटात शेपूट तोडून देतात आणि ती पुन्हा येते, आत मणक्यांऐवजी कूर्चेची कांडी घेऊन. कुंपणावरच्या या सरड्याचं तसं नाही. त्याची शेपटी तुटली तर तुटली. दोरी बांधून त्याला फिरवणं हा खेळ नाही, हे घरातल्या मोठ्यांनी ठामपणे सांगायला हवं.

पावसाळ्यात या सरड्याची मादी मऊ जमिनीत अंडी घालते. ती पुढच्या पायांनी खड्डा उकरते, अंडी घातली की माती लोटते आणि तोंडानं ती दाबून बसवते. नंतर ती जागा ओळखू येत नाही. आळूच्या किंवा मिरचीच्या वाफ्यात खुरपताना दहा-वीस पांढरी, लांबट, मऊ सालीची, बोटाच्या पेराहून लहान अंडी सापडली तर ती बहुतेक याचीच. ती ज्या बाजूनं वर होती त्याच बाजूनं ठेवा, उलटीपालटी करू नका, कारण आतला गर्भ सालीला एका बाजूनं धरून असतो आणि अंडं फिरवलं तर मरू शकतो. वर ओलसर माती टाका आणि काडी रोवून खूण ठेवा. दीड-दोन महिन्यांत पिल्लं आपली आपण बाहेर येतात. अंडी याहून मोठी आणि एकमेकांना चिकटलेली असतील तर ती सापाची असू शकतात. मग हात न लावता माती परत लोटा.

गावाबाहेरच्या माळावर, दगडगोट्यांत, उन्हाळ्यात गळ्याखालचा पंखा उघडमीट करणारे छोटे सरडे दिसले तर थांबून पाहा. दख्खनच्या माळांवरच्या अशा सरड्यांसाठी २०१६ साली वीराप्पन दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी प्रजाती स्थापन केली आणि तिला आपल्या भाषेतलं ‘सरडा’ हेच नाव शास्त्रीय नाव म्हणून दिलं. त्यातली एक जात साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, असं सातबाऱ्यावर लिहिलेलं असलं तरी तिथं राहणारे असे आहेत.

हळू डुलत चालणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा घोयरा सरडा परसात क्वचितच येतो. रस्ता ओलांडताना जास्त दिसतो. गाडी थांबवून त्याला काठीवर चढू द्या आणि तो ज्या बाजूला निघाला होता त्याच बाजूच्या झुडपात सोडा. घरी नेऊ नका, तो पिंजऱ्यात फार दिवस जगत नाही. खडकाळ भागात रात्री दिसणारी, जाड शेपटीची, पट्टे-ठिपके असलेली आणि पापण्या मिटणारी बिबट्या-रंगाची पालही अशीच निरुपद्रवी. तिला विषारी समजून फार मारलं जातं.

घोरपड आली तर

कोंबड्यांची अंडी जाऊ लागली की संशय घोरपडीवर येतो आणि तो पुष्कळदा खराही असतो. घोरपड अंडी खाते, तसेच उंदीर, भुंगेरे, खेकडे आणि मेलेली जनावरंही खाते. चार-पाच फुटांपर्यंत वाढलेली घोरपड परसात शिरली तर कुत्रं बांधा, मुलांना आत घ्या, आणि तिला जाण्याची एक वाट मोकळी ठेवा. कोपऱ्यात कोंडलं तर ती शेपटीचा फटकारा मारते आणि चावा कडकडून घेते. चावली तर जखम साबण-पाण्यानं भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. खुराड्याला बारीक जाळी आणि खाली दगडी फरशी, हा कायमचा इलाज.

घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच यादीत. तिला मारणं, पकडणं, मांस किंवा तेल बाळगणं हा गुन्हा असून किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. सांधेदुखीवर घोरपडीचं तेल विकणाऱ्याकडून बाटली घेणारा माणूसही त्यात सापडतो, आणि गुडघा काही बरा होत नाही. ‘हत्ताजोडी’ म्हणून लक्ष्मी येण्यासाठी जे विकलं जातं, ते झाडाचं मूळ नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असल्याचं २०१७ साली मोठ्या प्रमाणावर उघडकीला आलं. घरात कोणी ते देव्हाऱ्यात ठेवलं असेल तर त्यांना हे आवर्जून सांगा. घोरपड विहिरीत पडली, जखमी झाली किंवा कोणी पकडून नेताना दिसलं, तर वन विभागाचा १९२६ हा मोफत क्रमांक फिरवा.

परस कसं ठेवायचं

सरपण आणि पळाट्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. दहा-पंधरा फूट दूर, दगडांवर फळ्या टाकून वीतभर उंच रचा. म्हणजे खालून उजेड दिसतो आणि साप दडत नाहीत. सरपण काढायला आधी काठीनं ढीग ठोका, मग हात घाला. रात्री टॉर्चशिवाय न्हाणीकडे जाऊ नका. त्याच वेळी परसाच्या दूरच्या कोपऱ्यात दगडांचा एक ढीग आणि थोडा पालापाचोळा मुद्दाम राहू द्या, सरडे आणि सापसुरळ्या तिथं वस्तीला जातात.

पळाट्या, पाचट किंवा उकिरड्याजवळचा कचरा पेटवण्याआधी एकदा उलथापालथ करा आणि पेटवायचाच असेल तर एका बाजूनं पेटवा, दुसरी बाजू पळायला मोकळी ठेवा. चारही बाजूंनी काडी लावली तर आतलं एकही जिवंत बाहेर येत नाही. बांधावर तणनाशक आणि परसातल्या भाजीवर कीटकनाशक फवारताना लक्षात ठेवा, की विष लागलेला किडा खाऊन सरडाही मरतो, आणि मग पुढच्या हंगामात किडे खायला कोणी उरत नाही. पाच-सहा वांग्यांच्या आणि मिरचीच्या रोपांसाठी अळ्या हातानं वेचणं पुरतं.

जनावरांच्या हौदात आणि उघड्या टाकीत उन्हाळ्यात सरडे, सापसुरळ्या पाणी प्यायला येतात आणि गुळगुळीत भिंतीमुळे आत बुडून मरतात. त्यांच्यामुळे पाणीही नासतं. हौदाच्या काठावरून पाण्यात तिरपी बुडेल अशी एक खरखरीत फळी किंवा बाभळीची फांदी कायमची टाकून ठेवा, दगडानं दाबून, म्हणजे जनावरांनी तोंड लावलं तरी ती हलत नाही.